हलव्याचा कंबरपट्टा

ही सेलोटेप ज्या कुणी शोधून काढली, त्याला एकदा धरून माझ्या हॉलमध्ये उभं करायचं आहे मला. दिवाळीलाच भिंतींना रंग दिलेला. फिका पिवळा, दोन हात. आणि संक्रांतीच्या तोंडावर माझ्या सुनेनं त्या भिंतीवर कागदी पतंग चिकटवले, ते तिला वाकडे वाटले म्हणून काढले, आणि प्रत्येक पतंगाबरोबर रुपयाएवढा पोपडा निघून आला. वर मला म्हणते, "आई, तिथं दुसरं काहीतरी लावू, दिसणार नाही." म्हणजे आधी भिंत खरवडायची आणि मग ती झाकायला सजावट करायची. मी काय बोलले ते इथं लिहीत नाही. पण बोलले भरपूर.

लग्न दिवाळीनंतर झालं होतं. सून बार्शीची. ती आणि माझा मुलगा, दोघंही पुण्यात नोकरीला, आणि सणासाठी म्हणून आपापले लॅपटॉप घेऊन सोलापुरात येऊन राहिलेले. नव्या नवरीची पहिली संक्रांत म्हणजे आमच्याकडं केवढं काय काय असतं. काळी साडी, गल्लीतल्या बायकांना बोलावून हळदी-कुंकू, त्यांना वाण म्हणून एखादी वस्तू वाटायची, आणि नवरीच्या अंगावर हलव्याचे दागिने. हलवा म्हणजे साखरेचे पांढरेशुभ्र काटेरी दाणे. त्यांचा हार, मंगळसूत्र, बांगड्या, बाजूबंद, बिंदी, कंबरपट्टा, सगळं. काळ्या साडीवर ते असे उठून दिसतात की सोनं झक मारतं.

दागिन्यांचं जरा नीट सांगते, कारण माझा सगळा जीव तिथं अडकलेला होता. आमच्या गल्लीत आणि मागच्या दोन गल्ल्यांत गेली कित्येक वर्षं नव्या नवरीला आणि बोरन्हाणाच्या बाळाला दागिने जातात ते माझ्या हातचे. थंडी पडली की पहाटे शेगडी पेटवायची, वर परात, परातीत तीळ, त्यावर चमच्या-चमच्यानं पाक सोडायचा आणि बोटांनी फिरवत राहायचं. बोटं भाजतात. घाई केली की काटा येत नाही, नुसता गोळा होतो. एका दिवसात जेवढं होईल तेवढंच करायचं, मग झाकून ठेवायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आमचे हे होते तेव्हा शेजारी स्टुलावर बसून पेपर वाचायचे आणि बिनकाट्याचे दाणे वेचून खायचे. "खराब माल मी संपवतो, तू चांगल्याकडं बघ," म्हणायचे. चांगलेपण खायचे.

आणि दाण्याला भोक नसतं. सुई घातली की तो फुटलाच. म्हणून दोन दोऱ्यांच्या मधे दाणा धरायचा, गाठ मारायची, पुढचा दाणा, पुढची गाठ. दोरा मी दुकानातला आणत नाही. आमच्या समोरच्या घरी माग आहेत. तेलुगू घर आहे, तीन पिढ्या चादरी विणतात. तिथल्या वहिनींकडनं चादरीचं सूत आणते आणि त्याला दुहेरी पीळ देते. सोलापूरची चादर लोक वर्षानुवर्षं पांघरतात, दगडावर आपटून धुतात, दोघं दोन टोकांना धरून पिळतात, तरी ते सूत तुटत नाही. त्यामुळं माझा दागिना नवरीच्या अंगावर तुटला, असं कधी झालेलं नाही. हे लक्षात असू द्या.

पूर्वी दागिने नुसते देऊन मी कधी आले नाही. नवरीला घालायचेसुद्धा मीच. सगळ्या गाठी पाठीमागं असतात, कुठला दोरा कुठनं घ्यायचा ते ज्यानं गुंफलं त्यालाच कळतं. त्यामुळं गल्लीत कुणाचंही हळदी-कुंकू असलं की पहिल्यांदा मला हाक. नवरी पाटावर उभी, मी तिच्याभोवती फिरतेय, आणि बाकीच्या बायका "हितं जरा सैल करा की", "बिंदी डावीकडं गेलीय" असं ओरडतायत.

मग दोन वर्षांपूर्वी हे गेले.

दागिने मागायला लोक अजूनही येतात हां. त्यात काही कमी नाही. फक्त दारातनं घेऊन जातात. "मावशी, तुम्ही कशाला यायचा त्रास घेताय, आम्ही घालू की." त्रास म्हणे! परातीत बोटं भाजत होती तेव्हा कुणाला माझा त्रास आठवला नाही. आणि मग संध्याकाळी फोन. "मावशी, तो हाराचा दोरा कुठं अडकवायचा असतो?" मी फोनवरनं सांगायचं, हाराचा दोरा कुठं आणि बाजूबंदाचा कुठं. माझे दागिने चालतात, माझी अक्कल चालते, माझा आवाजसुद्धा चालतो. मी दारातनं आत आलेली तेवढी चालत नाही. वा रे वा!

तर दुसऱ्यांचं मी सोडून दिलं होतं. त्यांचं घर, त्यांची रीत. पण ही माझी सून होती. माझ्या घरात, माझ्या हातचे दागिने माझ्याच हातानं तिच्या अंगावर चढवायचे, एवढं एकच मला हवं होतं. बाकी वाण वाटा, पतंग टांगा, फुगे फुगवा, काय घालायचा तो गोंधळ घाला.

आणि दुधनीहून अक्का आल्या.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. दरवर्षी संक्रांतीच्या जत्रेतल्या काठ्यांच्या मिरवणुकीला येतात आणि गड्डा, म्हणजे ती जत्रा बघून, पाळण्यात बसून, भांडी घेऊन मगच परत जातात. अर्धं कानडी, अर्धं मराठी बोलतात. बाई वाईट नाही. मी नवी असताना मला भाकरी थापायला त्यांनीच शिकवलं, आणि हे गेले तेव्हा दोन महिने माझ्याजवळ येऊन राहिल्या त्याही त्याच. म्हणून तर जास्त चीड येते. वाईट माणसाला तोंडावर सांगता येतं.

चहाचा कप हातात घेऊन त्यांनी दागिन्यांचं ताट बघितलं. "यव्वा! कंबरपट्टा काय केलाईस गं. लई भारी." मग बशीत चहा ओतता ओतता म्हणाल्या, "घालायला मी समोरच्या वैनीला सांगून आले बग. येती म्हणली."

मी कप विसळत होते. नळ चालूच राहिला.

"मी म्हणत न्हाई गं," अक्का म्हणाल्या. "लोक म्हणत्यात. पोरीची पैली संक्रांत हाय. उगं कशाला कुणाच्या तोंडाला लागायचं?"

लोक. हे लोक राहतात तरी कुठं? मला एकदा पत्ता द्या त्यांचा. इतकी वर्षं या गल्लीत राहते, मला एकही माणूस भेटलेलं नाही जे म्हणालं की 'लोक म्हणजे मीच बरं का'. प्रत्येकजण आपला दुसऱ्याकडं बोट दाखवून मोकळा. आणि मी, जी रिक्षावाल्याशी दहा रुपयांवरून हुज्जत घालते, जी पाणी चार दिवसांआड आलं तर नगरसेवकाच्या दारात जाऊन उभी राहते, ती मी काय म्हणाले? "बरं," म्हणाले. नळ बंद केला आणि "बरं अक्का" म्हणाले.

का म्हणाले? मान काय मागून घ्यायचा असतो का? मी कुणाच्या पाया पडून सांगू, की बाई गं, मला माझ्या सुनेला हात लावू दे? जीभ रेटेचना.

मुलाला सांगून बघितलं. तो लॅपटॉपवर काहीतरी करत होता, कानात ते बोंडूक घातलेलं. ऐकलं आणि म्हणाला, "आई, काकूंना कशाला दुखवायचं? एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

"अरे, एका दिवसाचाच प्रश्न आहे म्हणून तर!" मी म्हणाले. त्याला काही कळलं नाही. तो "हो हो" म्हणाला आणि मीटिंगमध्ये गेला. मीटिंग म्हणजे तिथंच बसलेला, फक्त माझ्याशी बोलायचं नाही.

आता जे बोलायचं ते बोलता येत नसलं की माणूस दुसऱ्या सगळ्या गोष्टींवरून भांडतो. मी भांडले. सेलोटेपवरून तर भांडलेच. मग वाणावरून. सून मोबाइल घेऊन माझ्याशेजारी बसली, "आई, वाणाच्या किती छान छान आयडिया आहेत बघा." पहिली आयडिया वासाच्या मेणबत्त्या. मी म्हणाले, "लाइट गेल्यावर बऱ्या पडतील. पण वास कशाला?" दुसरी आयडिया, छोट्या बाटलीत शेंगाचटणी, वर कापडाची टोपी आणि रिबन. सोलापुरातल्या बायकांना शेंगाचटणी वाटायची! प्रत्येक घरातल्या बाईला वाटतं की चटणी खरी आपलीच, बाकीच्यांची नुसती भरड. उद्या चाखून पाहतील आणि परवा गल्लीभर होईल की यांच्या चटणीत लसूण कमी. तिसरी आयडिया, हात पुसायचे नॅपकिन, त्यावर भरतकामानं पतंग काढलेले. "अगं," मी म्हणाले, "टॉवेल-नॅपकिन विकून जगणारं गाव हे. समोरच्या वहिनींना नॅपकिन देणार तू? त्यांच्या घरात खाटा कमी आणि गठ्ठे जास्त आहेत."

चौथी आयडिया कोरफडीची कुंडी. त्यावर अक्का माजघरातनं ओरडल्या, "सणाला काटं वाटत्यात का कुणी?"

मी म्हणाले, "चहाची गाळणी दे. प्रत्येकीच्या घरी फाटलेली असते आणि प्रत्येकजणी नवी आणायची विसरते." सुनेनं माझ्याकडं असं बघितलं की जणू मी केरसुणी वाटा म्हणाले. पण मंगळवार बाजारातनं स्टीलच्या गाळण्या आल्या. तिनं प्रत्येकीच्या दांडीला काळी-पिवळी रिबन बांधली आणि मोबाइलवर फोटो काढला. गाळणीचा फोटो! मला हसू आलं असतं, पण त्या दिवसांत मी हसायचं नाही असं ठरवलं होतं.

मग ती भिंत. पोपडे निघाले ती भिंत हॉलमधली सगळ्यात चांगली. समोर खिडकी, दुपारभर उजेड. तिथं तिला काळं जाळीचं कापड सोडायचं होतं, वर पिवळे पतंग, खाली रंगवलेली सुगडं, मधे दिव्यांच्या माळा. आणि त्या भिंतीवर मधोमध यांचा फोटो आहे. चंदनाचा हार घातलेला.

ती स्टुलावर चढली होती. खाली वाकून मला हळूच म्हणाली, "आई, बाबांचा फोटो..."

तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत अक्का म्हणाल्या, "त्यो काडून आत ठेवा गं दोन दिस. बायका येनार, कशाला समोर?"

मी तडक स्वयंपाकघरात गेले आणि भांड्याच्या मांडणीतली सगळी भांडी काढून पुन्हा लावली. आवाज करत लावली. मला वाटलं, झालं, मला आत ठेवलं तसं यांनाही आत ठेवणार. दोघं बसू आतल्या खोलीतल्या ट्रंकेवर.

बाहेर आले तर सून काळं कापड खांद्यावर टाकून समोरच्या भिंतीकडं निघाली होती. खिडकीच्या भिंतीकडं. फोटो होता तिथंच. म्हणजे आता उजेड पाठीमागनं येणार, सगळ्यांचे चेहरे काळे दिसणार, आणि मधोमध पंख्याची बटणं आणि रेग्युलेटर असलेला बोर्ड. मी म्हणाले, "अगं, तिथं बोर्ड आहे. प्रत्येक फोटोत बोर्ड दिसेल." ती म्हणाली, "दिसू दे." आणि सेलोटेपचा तुकडा दातानं तोडला. मला वाटलं, हट्टी आहे. तिच्या मनात काय होतं ते विचारायचं मला सुचलं नाही, कारण मी पुन्हा टेपवरून सुरू झाले होते.

हळदी-कुंकू रविवारी दुपारी ठेवलं होतं. सकाळपासून घर नुसतं गजबजलेलं. सुनेनं काळी साडी नेसली, कडेला लाल काठ. बार्शीहून तिच्या आईनं पाठवलेली. दिसत होती म्हणून सांगू! मी दागिन्यांचं ताट, त्यात जास्तीचे दोरे कापायची माझी छोटी कात्री, हॉलमधल्या टीपॉयवर आणून ठेवलं. त्याच्यावर ओढणी झाकली. मग अक्का म्हणाल्या, "तू दुधाकडं बग आता," आणि मी दुधाकडं गेले.

मसाला दूध होतं. त्याकडं बघायचं म्हणजे काय बघायचं? ते आपोआप उकळतं. मी ओट्याशी उभी राहिले आणि कान बाहेर.

बायका आल्या. चपलांचा ढीग झाला असणार, आवाजावरनं कळत होतं. "किती सुंदर सजवलंय!", "हे पतंग घरी केले?", "हा बोर्ड का मधेच?" मी आतल्या आत म्हणाले, सांगितलं होतं मी. मग समोरच्या वहिनींचा आवाज आला. मोठी गुणी बाई, पण हात जड. मागावरनं बंडल उचलायची सवय. हलव्याच्या दाण्याला लागतो मऊ हात.

"बिंदीचा दोरा कुठून घ्यायचा, वो?" वहिनींनी बाहेरनं विचारलं.

"कानामागनं!" मी आतनं ओरडले. "केसांत पीन लावा!"

"हाराला दोन दोरे दिसतेत!"

"पातळ दोरा आधी! जाड शेवटी!"

"बाजूबंद उलटा हाय का सुलटा?"

"टिकली बाहेरनं!"

दूध ढवळता ढवळता मी माझ्या सुनेचा शृंगार करत होते, भिंतीपलीकडनं. एक बाई खिदळली, "रेडिओ लावल्यासारखं वाटतंय की." सगळ्या हसल्या. मला एवढा संताप आला की डाव ओट्यावर आपटला आणि दूध उडालं. डोळ्यांत पाणी आलं ते वाफेनं नाही. कशाला खोटं बोलू. मला रडू येत होतं आणि रडायचाही राग येत होता.

आणि तेवढ्यात बाहेर एकदम गलका. "अगं बाई! तुटलं! तुटलं!"

हलव्याचं का असेना, मंगळसूत्र तुटलं तर या बायका काय काय बोलतील, आणि कुणाच्या हातचं म्हणून बोलतील? दारापर्यंत धावत आले, उंबऱ्याशी थांबले. "काय तुटलं?"

"कंबरपट्टा!"

देवा! जीव भांड्यात पडला आणि लगेच दुसरा राग डोक्यात चढला. कंबरपट्टा तुटला? माझा? तीन पदरी, चादरीच्या सुताचा, दुहेरी पिळाचा? शक्यच नाही. या वहिनींनी काय बैल बांधायला घेतला होता का?

सून पाटावर उभी होती. दोन्ही हातांनी कंबरपट्टा पोटाशी धरलेला, एक टोक लोंबतंय आणि दाणे टपटप खाली पडतायत. वहिनी दोन पावलं मागं सरलेल्या. "मी अजून ओढला बी नव्हता, वो," त्या बिचाऱ्या म्हणत होत्या. "नुसता हातात घेतला."

"आता काय करायचं?" कुणीतरी म्हणालं.

"सेफ्टी पीन लावा."

"पीन लावली तर सगळा ओघळेल," सून म्हणाली. अगदी शांतपणे. "मला हलता येत नाही. आईंनाच यावं लागेल. त्यांच्याशिवाय कुणाला गाठ येत नाही त्याची."

सगळ्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या, मग अक्कांकडं. अक्का हळदी-कुंकवाचं ताट मांडीवर घेऊन सोफ्यावर बसलेल्या. आणखी दोन दाणे पडले. फरशीवर पडतानाचा तो आवाज मला अजून ऐकू येतो. लहानसाच.

"ये की गं मग," अक्का म्हणाल्या. "बगत काय हुबारलीस? सगळा सांडून जाईल."

मी हात पदराला पुसले आणि गेले. गुडघे टेकून तिच्यासमोर बसले. कंबरपट्टा बांधायचा म्हणजे दोन्ही हात माणसाच्या भोवतीनं मागं न्यावे लागतात, गाल पोटाला टेकतो. नव्या साडीचा वास आला. मागनं तुटलेलं टोक बोटांनी शोधलं आणि पुढं ओढून बघितलं.

सुताचा दोरा तुटला की टोकाला पिंजारतो, तंतू-तंतू सुटून त्याची झुपकी होते. हा पिंजारला नव्हता. सरळ होता. एका रेषेत. मी दोरे कापून आयुष्य काढलंय, मला कापलेलं टोक कळतं.

मी वर बघितलं. ती समोर बघत होती, मोबाइल धरलेल्या कुणाकडं तरी, फोटोला द्यावं तसं तोंड करून. पाटाच्या कडेला, तिच्या साडीच्या निऱ्यांखालनं माझ्या छोट्या कात्रीची लाल दोरा बांधलेली मूठ बाहेर आलेली दिसली. मी ती गुडघ्यानं आत सरकवली.

"नीट बांद," अक्का मागनं म्हणाल्या. "सैल हाय. डावीकडनं ओड जरा."

"कळतंय मला, अक्का," मी म्हणाले. "मीच केलाय तो."

मग हाराची गाठ बघितली तर ती वहिनींनी भलत्याच ठिकाणी मारलेली. ती सोडून पुन्हा बांधली. बाजूबंदाची टिकली आतनं होती, ती फिरवली. बिंदी सरळ केली. एकदा हात लावला होता तर कोण मला थांबवणार होतं? एक बाई "हितं जरा वर घ्या" म्हणाली, आणि मी घेतलं.

कुंकू काही मला कुणी लावलं नाही. ताट फिरलं ते माझ्याजवळ आलं आणि पुढं गेलं. गाळण्या वाटल्या त्यातही माझा नंबर नव्हता. गोडगोड करून सांगण्यात काय अर्थ आहे? तेवढा राग अजून आहे माझ्याजवळ, आणि तो राहणार आहे.

बायका गेल्यावर अक्का पाय पसरून आडव्या झाल्या. मुलगा स्टूल घेऊन पतंग काढायला लागला, म्हणजे उरलेला रंगही गेला. सून अंगावर दागिने तसेच ठेवून फरशीवर बसली होती आणि सोफ्याखालचे दाणे वेचत होती. मुंग्यांना निरोप पोचलाच होता.

मी तिच्याशेजारी बसले. कात्री तिच्यापुढं ठेवली.

"तोंड नाही का तुला?" मी म्हणाले. आवाज मुद्दामच लहान ठेवला, अक्का पडल्या होत्या. "दोरा कशाला कापायचा? सरळ सांगायचं की अक्कांना, की माझे दागिने आई घालतील म्हणून."

तिनं वाटीत दाणे टाकले. "तुम्ही का नाही सांगितलं? सेलोटेपवरून पाच दिवस भांडलात माझ्याशी."

मीही चार दाणे वेचले. एकाला मस्त काटा आला होता, तो धुळीत गेला बघून परत जीव जळला.

"बरं, कापायचा तर कापायचा," मी म्हणाले, "पण बाजूबंद कापायचा की गं. कंबरपट्ट्याला केवढी मेहनत आहे, तुला काय ठाऊक?"

"बाजूबंद समोरच्या काकूंनीपण बांधला असता," ती म्हणाली.